सिरॅमिक कोळसा ग्रिल कोणतं घ्यावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंबाजोगाईत आमच्या परसात आठ वर्षांपासून सिरॅमिकचं कोळशावरचं ग्रिल आहे. जेवून गेलेले पाहुणे, त्यांचे नातेवाईक, त्यांच्याकडून नंबर मिळालेले लोक, सगळे प्रश्न पाठवत असतात. लातूर, नांदेड, जालना, परभणी, कुठूनही आले तरी प्रश्न बहुतेक तेच, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. घ्यायचा विचार असेल तर आधी १ ते ५ वाचा. ग्रिल घरी येऊन बसलंच असेल तर ७ पासून सुरुवात करा.

१. सिरॅमिक ग्रिल म्हणजे नेमकं काय? आपल्या तंदूरपेक्षा वेगळं काय?

जाड भाजलेल्या मातीचं, अंड्याच्या आकाराचं भांडं आणि त्यावर घट्ट बसणारं जड झाकण. तळाला हवा आत घेणारी सरकती खिडकी, झाकणाच्या डोक्यावर हवा बाहेर सोडणारी चकती. आत कोळशाची कोठी आणि वर जाळी. याला 'कमाडो' म्हणतात. जपानी भाषेत कमाडो म्हणजे चूल. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये राहिलेल्या अमेरिकन सैनिकांनी तिथली भात शिजवायची झाकणाची मातीची चूल मायदेशी नेली, आणि १९७४ मध्ये एड फिशर यांनी अटलांटा शहरात 'बिग ग्रीन एग' ही कंपनी सुरू केली. सुरुवातीची भांडी साध्या मातीची होती. पुढे सहज तडे न जाणारं सिरॅमिक आलं.

तंदूर वरून उघडा असतो आणि त्याची भिंतच तवा होते. कमाडो बंद असतो. आतली धग भिंती धरून ठेवतात आणि पदार्थाभोवती सगळीकडून फिरवतात. ११० अंशांवर मटण सात तास ठेवा, नाहीतर ३५० अंशांवर पिझ्झा भाजा, भांडं तेच.

२. ताई, खरंच गरज आहे का? साध्या शेगडीवर भागत नाही का?

बऱ्याच जणांचं भागतं, आणि मी त्यांना तसंच सांगते. महिन्यातून एकदा कबाब, कणसं, पनीर टिक्का एवढंच करायचं असेल तर लोखंडी शेगडी आणि जाळी पुरे. शेगडी दहा मिनिटांत तयार होते. कमाडोला स्थिर व्हायला अर्धा तास लागतो.

पैसे वसूल होतात ते लांबच्या स्वयंपाकात. अख्खी रान (म्हणजे बोकडाची मांडी), अख्खी कोंबडी, धुराची चव, ब्रेड, पिझ्झा. शेगडीवर दर वीस मिनिटांनी कोळसा घालत बसावं लागतं. कमाडोत एकदा भरलेली कोठी मंद आचेवर दहा-बारा तास सहज चालते, आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी कामी येतो. बंद भांड्यात हवा कमी खेळते, म्हणून मांस कोरडंही पडत नाही.

३. आमच्या घरात सहा माणसं आहेत. कोणता आकार घ्यावा?

जाळीचा व्यास विचारा. बाजारात साधारण ३३, ४६ आणि ६१ सेंटिमीटर असे तीन आकार दिसतात. आकड्यांवरून फरक थोडा वाटतो, पण ४६ च्या जाळीवर ३३ च्या जवळजवळ दुप्पट जागा असते. सहा माणसांना ४६ घ्या. पोट आणि पाठ उलगडून सपाट केलेल्या दोन कोंबड्या त्यावर आरामात बसतात. ३३ चं ग्रिल दोघा-तिघांना ठीक, पण अख्खी रान त्यात मावत नाही. आपल्याकडे जेवायला सहा म्हटले की दहा येतात, हेही धरून चाला. ६१ चं ग्रिल मात्र जड, कोळसाही जास्त खातं. दर आठवड्याला पंगत नसेल तर नको.

४. दुकानात गेल्यावर काय काय तपासायचं?

माझं सगळं म्हणणं या एका उत्तरात आहे. सिरॅमिक ग्रिलमध्ये आपण हवेवरचा ताबा विकत घेतो. रंग, नक्षी, झाकणावरचा मोठा तापमापक, सोबत येणारे चिमटे, हे सगळं नंतरचं. झाकण आणि दोन्ही झडपा (खालची खिडकी आणि वरची चकती) घट्ट बसत नसतील तर बाकी काही उपयोगाचं नाही.

झाकणाची कड आधी बघा. कडेला गॅस्केट असते, कुकरच्या रबराचं जे काम तेच तिचं. वर्तमानपत्राची पट्टी कडेवर ठेवून झाकण लावा आणि पट्टी ओढा. ती अडत अडत आली पाहिजे. गोल फिरत आठ-दहा ठिकाणी हे करा. एखाद्या ठिकाणी पट्टी सुळकन निघाली तर तिथून हवा शिरणार. फेल्टची गॅस्केट लवकर जळते, काचेच्या धाग्यांच्या जाळीची जास्त टिकते.

मग बिजागरी. झाकण अर्धवट उचलून हात सोडून बघा, जागेवर थांबलं पाहिजे. वीस-पंचवीस किलोचं तापलेलं झाकण मनगटावर आदळलं तर काय होईल, सांगायला नको. खालची खिडकी पूर्ण मिटते का आणि वरची चकती केसभर उघडता येते का, तेही हाताने करून बघा.

शेवटी भांडं वाजवून बघा. माठ घेताना आपण बोटाच्या पेराने वाजवतो, अगदी तसंच. खणखणीत आवाज आला तर चांगलं, बद्द आला तर आत कुठेतरी तडा आहे. वरच्या चकाकीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा असतील तर घाबरू नका. त्या फक्त चकाकीत असतात.

किंमत विचारताना स्टँड, डिफ्लेक्टर आणि गावापर्यंतची वाहतूक धरूनच आकडा मागा. डिफ्लेक्टर म्हणजे कोळसा आणि जाळी यांच्यामध्ये बसणारी सिरॅमिकची थाळी. ती नसेल तर मंद आचेचा स्वयंपाक होतच नाही, आणि बरेच विक्रेते ती वेगळी विकतात.

५. नाव नसलेलं स्वस्त ग्रिल घेतलं तर चालेल का? आणि पोलादी कमाडो?

स्वस्त म्हणून वाईट असं नाही. प्रश्न ४ मधल्या परीक्षेत उतरलं तर घ्या. फक्त एक विचारा: कोठी, गॅस्केट आणि डिफ्लेक्टर पाच वर्षांनी सुटे मिळतील का? मोठ्या कंपन्या मूळ खरेदीदाराला सिरॅमिकवर आयुष्यभराची हमी देतात, पण ती आपल्यापर्यंत पोचते आयातदारामार्फत. म्हणून हमीचा कागद भारतातल्या विक्रेत्याच्या नावाने आणि शिक्क्यानिशी घ्या. वाहतुकीत फुटलेलं हमीत बसत नाही. टेम्पोवाला उभा असतानाच खोकं उघडा.

दुहेरी भिंतीचं पोलादी कमाडो हलकं असतं आणि फुटत नाही. घर आणि शेत अशी ने-आण करायची असेल तर तेच बरं. धग सिरॅमिकइतकी धरत नाही, गंजाकडेही लक्ष ठेवावं लागतं.

६. कुठे ठेवावं? बाल्कनीत, गच्चीवर की शेतात?

बाल्कनीत नको आणि बंद खोलीत तर कधीच नको. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, आणि माणूस झोपेतच जातो. ग्रिल 'विझत आलंय' म्हणून थंडीत खोलीत ओढून आणणं हा सगळ्यात घातक प्रकार आहे.

४६ सेंटिमीटरचं ग्रिल सत्तर-पंच्याहत्तर किलोचं असतं. खाली सपाट, पक्की जमीन हवी, शहाबादी फरशी उत्तम. लाकडी टेबलात बसवायचं असेल तर तळाशी सिरॅमिकचे पाय किंवा फरशी आणि भोवती मोकळी हवा ठेवा. शेतात कडब्याच्या गंजीपासून आणि गोठ्यापासून चांगलं लांब, वाऱ्याची दिशा बघून ठेवा. चैत्र-वैशाखात वाळल्या कडब्याला एक ठिणगी पुरते.

७. कोणता कोळसा वापरायचा? दगडी कोळसा चालतो का?

दगडी कोळसा अजिबात नाही. त्याचा धूर अन्नाला लागू द्यायचा नसतो. आपल्याला हवा लोणारी कोळसा, म्हणजे लाकडाचा. बाभळीचा किंवा चिंचेचा कोळसा मिळाला तर सोनं. जड असतो, बराच वेळ जळतो, राख कमी. मराठवाड्यात पोत्यातून जास्त करून वेड्या बाभळीचा येतो, तोही चांगला.

पोतं घेताना तळाचा कोळसा बघा. माती आणि चुरा खाली बसलेला असतो. चुऱ्याने कोठीची भोकं बुजतात आणि आच चढतच नाही. मी पोतं आणलं की चाळणीने चाळते. मुठीएवढे तुकडे तळाला, लिंबाएवढे वर. पेटल्यावर तडतडून ठिणग्या उडत असतील तर कोळसा दमट आहे, दोन दिवस उन्हात टाका.

दाबून केलेल्या ब्रिकेट्समध्ये चिकटवण असते आणि राख फार होते. उघड्या शेगडीत चालतील, इथे नको.

८. पेटवायचं कसं? थोडं रॉकेल टाकलं तर?

नको. भांड्याची आतली भिंत सच्छिद्र असते. तिने एकदा रॉकेल प्यायलं की पुढचे कित्येक स्वयंपाक त्या वासाचे होतात. कापसाच्या दोन-तीन जाड वाती गोडेतेलात भिजवून कोळशात खोचा आणि काडी लावा. खालची खिडकी आणि झाकण दहा-पंधरा मिनिटं उघडं ठेवा, मग झाकण लावा. मंद आचेसाठी एकाच ठिकाणी पेटवा, पिझ्झासाठी तीन ठिकाणी.

सुरुवातीचा धूर दाट पांढरा असतो. त्यात अन्न ठेवलं तर कडवट होतं. धूर विरळ निळसर झाला की अन्न ठेवायचं.

नवं ग्रिल असेल तर पहिली दोन-तीन पेटवणी दीडशे-पावणेदोनशे अंशांच्या वर नेऊ नका. गॅस्केटचा गोंद तेवढ्यात पक्का होतो.

९. आच हातात राहत नाही. ११० म्हणता म्हणता २०० होते. काय चुकतंय?

आच वाढल्यावर हवा कमी करताय, हे चुकतंय. शेगडीत आपण कोळसा कमी-जास्त करून आच सांभाळतो, तीच सवय इथे नडते. इथे कोठी नेहमी भरलेली ठेवायची आणि आच फक्त हवेने ठरवायची. तापलेल्या भिंती लवकर निवत नाहीत. ११० वर थांबायचं असेल तर ८५-९० लाच खालची खिडकी बोटभर आणि वरची चकती चंद्रकोरीएवढी करा. मग पंधरा मिनिटं हात लावू नका. एका वेळी एकच झडप, तीही थोडीशी हलवा. प्रत्येक बदल दिसायला दहा-पंधरा मिनिटं लागतात.

आच फार पुढे गेलीच तर दोन्ही झडपा जवळजवळ मिटा आणि झाकण लावलेलंच ठेवा. झाकण उघडलं की ताजी हवा मिळून कोळसा आणखी पेटतो. एवढं करूनही आच उतरत नसेल तर कुठूनतरी हवा गळतेय. प्रश्न ४ मधली पट्टी पुन्हा ओढून बघा.

झाकणावरचा तापमापक आणि जाळीवरची खरी आच यांत दहा-वीस अंशांचा फरक असतो. तापमापक खरा आहे का, हे उकळत्या पाण्यात बघता येतं. आपलं पठार उंचावर असल्याने इथे पाणी ९८-९९ अंशांना उकळतं, १०० दिसले नाहीत म्हणून तो बिघडलेला समजू नका.

१०. धुरीसाठी आपल्याकडचं कोणतं लाकूड चालेल?

हिकरी, ओक यांच्या पिशव्या महागड्या दराने मागवणाऱ्यांना मी नेहमी म्हणते, आधी आपल्या बांधाकडे बघा.

माझी पहिली पसंती मोसंबी. धूर सौम्य, किंचित गोडसर, कोंबडी आणि पनीर दोन्हींना शोभतो. जालना आणि छत्रपती संभाजीनगर भागात छाटणीच्या फांद्या सहज मिळतात. २०१२-१३ च्या दुष्काळात त्या पट्ट्यातल्या वाळलेल्या बागा शेतकऱ्यांनी स्वतःच्या हाताने तोडल्या. तेव्हाचं सरपण मी पाहिलं आहे, आणि मोसंबीचा तुकडा निखाऱ्यावर ठेवताना ते आजही आठवतं. आंबाही चालतो, पण साल पूर्ण काढून. पेरू उत्तम. वेडी बाभूळ तिखट धूर देते. अमेरिकेत नावाजलेलं मेस्कीट तिच्याच जातकुळीतलं आहे. बोकडाच्या मटणाला एखादा तुकडा पुरतो, जास्त झाली तर घशाला लागते.

लाकूड सहा महिने तरी वाळलेलं हवं. नुकती फवारणी झालेल्या झाडाचं घेऊ नका. पाण्यात भिजवायची गरज नाही, आधी फक्त वाफ निघते आणि चव लांबते. मुठीएवढे दोन-तीन तुकडे निखाऱ्यात पुरले की झालं.

ही लाकडं मात्र कधीही नकोत. कण्हेर विषारी आहे. बिब्ब्याच्या धुराने अंग आणि डोळे सुजतात. कडुनिंब अन्न कडू करतो. प्लायवूड, रंग दिलेली चौकट, जुन्या खोक्यांच्या फळ्या यांत रसायनं असतात.

११. मटणाची रान दोन तास ६८ अंशांवरच अडकली आहे. कोळसा संपला का?

नाही, आणि आच वाढवू नका. मांसातला ओलावा पृष्ठभागावरून उडतो आणि घामासारखा त्याला थंड करतो. त्यामुळे आतलं तापमान ६५ ते ७५ च्या मध्ये कुठेतरी तासन् तास थांबतं. ओलावा सरला की ते आपोआप चढतं. घाई असेल तर रान फॉइलमध्ये गुंडाळा.

बोकडाचं मटण मेंढीपेक्षा कमी चरबीचं, म्हणून मी रंग आल्यावर गुंडाळतेच. आदल्या रात्री दही, लसूण, मीठ आणि काळं तिखट चोळून ठेवते. दोन किलोची रान १२० अंशांवर पाच-सहा तास घेते. हाडापासून सुटणारं मटण हवं तर आतलं तापमान ९२-९३ पर्यंत जाऊ द्या. कोंबडीला जाड भागात ७४ पुरे. घड्याळापेक्षा टोचायच्या तापमापकावर भिस्त ठेवा.

१२. उन्हाळ्यात ४२-४३ अंश असतं. तेव्हा काही वेगळं करावं लागतं का?

उन्हात उभं असलेलं ग्रिल पेटवायच्या आधीच साठ अंश दाखवतं. आच लवकर चढते, म्हणून झडपा थोड्या आधी मिटा. मी मे महिन्यात दुपारी पेटवत नाही, सात वाजल्यानंतरच. वारा सुटला असेल तर खालची खिडकी वारा येतो त्याच्या उलट बाजूला करा. आणि विझवायला पाणी लागत नाही, हे आपल्या भागात मोठं सुख आहे. दोन्ही झडपा बंद केल्या की निखारे गुदमरून विझतात.

१३. पावसाळ्यात दोन महिने बंद होतं, आता आत पांढरी बुरशी आली आहे. फेकून द्यावं का?

मुळीच नाही. जाळी काढून घासा, जुना कोळसा टाकून द्या आणि कोरडा कोळसा भरून मंद पेटवा. पहिला तासभर शंभर अंशांच्या आसपासच ठेवा. भिंतीत मुरलेलं पाणी एकदम तापलं तर तडा जातो. मग हळूहळू ३०० पर्यंत नेऊन अर्धा तास जाळा, बुरशी राख होते. आतली भिंत साबणाने धुवायची नाही. पुढच्या पावसाळ्यात वरून आच्छादन घाला, पण झडपा थोड्या उघड्या ठेवा. मिटलेल्या दमट भांड्यात बुरशी येणारच.

१४. झाकण उघडलं आणि भुवया जळता जळता वाचल्या! असं का झालं?

कमी हवेवर निखारे धुमसत असतात आणि आत जळाऊ वायू साचलेला असतो. झाकण एकदम उघडलं की प्राणवायू आत घुसतो आणि भडका उडतो. दीडशेच्या वर आच असेल तर दर वेळी हीच पद्धत ठेवा: वरची चकती पूर्ण उघडा, झाकण दोन बोटं उचलून पाच सेकंद थांबा, खाली घ्या, पुन्हा उचला, मग सावकाश पूर्ण उघडा. तोंड बाजूला. कोपरापर्यंतचे हातमोजे घाला. साडी असेल तर पदर खोचा, सिंथेटिक ओढणी काढून ठेवा.

१५. आतल्या कोठीला तडा गेलाय. ग्रिल गेलं का?

बहुधा नाही. कोठीलाच सगळ्यात जास्त ताप सोसावा लागतो, त्यामुळे तडाही तिथेच जातो. तुकडे जागेवर धरून असतील तर वापरत राहा. बाहेरच्या भांड्याला किंवा झाकणाला आरपार तडा असेल तर मात्र वापर थांबवा.

आमची कोठी तिसऱ्या वर्षी तडकली. विक्रेत्याने फोन उचलणं बंद केलं आणि नवी कोठी मिळायला चार महिने लागले. तोवर तारेने आवळून काम चालवलं. प्रश्न ५ मध्ये सुट्या भागांवर एवढा जोर दिलाय तो यामुळेच. आता चार-पाच तुकड्यांच्या कोठ्या मिळतात. तुकड्यांमध्ये प्रसरणाला जागा असते, म्हणून त्या कमी तडकतात. पर्याय असेल तर तीच घ्या.

१६. घरात सासूबाई माळकरी आहेत. एकाच ग्रिलवर दोन्ही करता येईल का?

यंत्राचं उत्तर सोपं आहे. दुसरी जाळी आणि दुसरा डिफ्लेक्टर घ्या, आणि मधे एकदा ३०० अंशांवर अर्धा तास जाळा. पण भिंतीत मुरलेली चरबी आणि वास पूर्ण जात नाही, आणि ज्यांनी आयुष्यभर माळ सांभाळली त्यांना 'जाळून शुद्ध केलंय' हे पटवत बसू नये. आधी त्यांना विचारा. नको म्हणाल्या तर ग्रिल शाकाहारीच ठेवा आणि मटणासाठी शेगडी. भरताचं वांगं, भरलेल्या ढोबळ्या मिरच्या, पनीर, कणीस, रताळी, धुरावलेली डाळ, एवढ्यावरही ग्रिल रिकामं राहत नाही.

१७. यात हुरडा, भाकरी आणि नान होतात का?

हुरडा नको. हुरड्याची चव गोवऱ्यांच्या आगटीतली आणि गरम फुफाट्यातली. गोवऱ्या या कोठीत टाकल्या तर राखेने भोकं बुजतात आणि वास भिंतीत बसतो. पौषात शेतावर आगटीच करा.

ज्वारीची भाकरी बिडाच्या तव्यावर छान होते. शेवटी तवा काढून भाकरी जाळीवर टाका, टम्म फुगते. झाकण उघडंच ठेवा. नान भिंतीला चिकटवायचा प्रयत्न करू नका, नान निखाऱ्यात पडतो. पिझ्झाचा दगड डिफ्लेक्टरवर ठेवून ३०० पर्यंत तापवा आणि त्यावर भाजा. छत्रपती संभाजीनगरच्या नान-खलियाचा नान मी असाच करते. तंदूरचा डाग तसा येत नाही, पण मऊपणा चांगला येतो.

१८. एक जण जुनं ग्रिल अर्ध्या किमतीत विकतोय. घ्यावं का?

सिरॅमिक जुनं होत नाही, त्यामुळे घ्यायला हरकत नाही. प्रश्न ४ मधलं सगळं तपासा आणि त्याशिवाय समोर पेटवून दाखवायला सांगा. दीडशे अंशांवर स्थिर झाल्यावर दोन्ही झडपा बंद करा आणि कडेला धूर गळतो का बघा. चांगलं ग्रिल असेल तर अर्ध्या-पाऊण तासात आच स्पष्ट उतरायला लागते. गॅस्केट जळलेली असेल तर तिची किंमत कमी करून घ्या, ती घरी बदलता येते. बिजागरी वाकलेली असेल तर सोडून द्या. कंपनीची हमी मूळ खरेदीदारालाच असते, म्हणून विकणारा हमीच्या नावाखाली किंमत वाढवत असेल तर ती देऊ नका. आणि घरी आणताना कोठी, डिफ्लेक्टर, जाळी बाहेर काढून वेगळी बांधा, झाकण दोरीने आवळा आणि टेम्पोत खाली गादी घाला.